हलणं आणि जिवंत असणं : ‘ॲनिमेशन’ या शब्दाची तपासणी

(कर्जत येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल की इथे पडदा लागणार, सिनेमाचे तुकडे दाखवले जाणार. तसं काही नाही. मी एका शब्दाबद्दल बोलणार आहे. ‘ॲनिमेशन’. हा शब्द आता परका राहिलेला नाही. लोकलमध्ये, लग्नघरात, शाळेत, गणपतीच्या मांडवात, सगळीकडे तो आपल्या तोंडी असतो. आणि एखादा शब्द इतका रुळला की त्याच्याखाली काय काय झाकलं जातंय, हे कधीतरी पांघरूण उचलून बघावं लागतं. समीक्षा काही फक्त पुस्तकांचीच करायची नसते.

तर आधी हा शब्द आपल्याला कुठे कुठे भेटतो ते बघू. शाळेत सर संगणकावर धडा दाखवतात. एकेक ओळ गिरकी घेत पडद्यावर येते, मुलं म्हणतात, ‘सरांनी ॲनिमेशन टाकलंय.’ लग्नाची पत्रिका मोबाइलवर येते. पडदा बाजूला होतो, फुलं पडतात, वधूवरांची नावं चमकतात, सनई वाजते. घरचे सांगतात, ‘पत्रिका ॲनिमेशनमध्ये केलीय.’ लहान मूल टीव्हीसमोर बसलेलं असतं, आपण म्हणतो, ‘ॲनिमेशन बघतोय,’ म्हणजे कार्टून. दहावी-बारावी झालेल्या पोराला कुणीतरी काका सांगतात, ‘ॲनिमेशनला स्कोप आहे.’ एखादी मुलगी हातवारे करून, डोळे मोठे करून गोष्ट सांगते, तर तिच्या मैत्रिणी म्हणतात, ‘किती ॲनिमेटेड बोलते ही!’ आणि फोन मंद झाला म्हणून दुरुस्तीच्या दुकानात गेलात, तर तो पोरगा सेटिंगमध्ये जातो आणि म्हणतो, ‘ॲनिमेशन बंद करून देतो, फोन फास्ट चालेल.’

हा शेवटचा वापर मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण तो पोरगा खरं बोलतोय. ते ॲनिमेशन काढून टाकलं तरी फोनचं काहीच बिघडत नाही. खिडकी सरकत उघडायची, ती आता झटकन उघडते. म्हणजे त्या हालचालीत कामाचं काही नव्हतं. ही एक साधी कसोटी मनात ठेवा : काढून टाकलं तर काय जातं? सरांच्या पडद्यावरची गिरकी काढली तर काय जातं? काही नाही. धडा होता तसाच राहतो. आणि गोष्ट सांगणाऱ्या त्या मुलीचे हात बांधून ठेवले तर? गोष्टच जाते. शब्द एकच, पण एके ठिकाणी तो वरून लावलेली झालर आहे आणि दुसऱ्या ठिकाणी आतला प्राण आहे.

आता ‘प्राण’ हा शब्द मी सहज वापरला नाही. लॅटिनमध्ये ‘ॲनिमा’ म्हणजे श्वास, जीव. ग्रीकमध्ये ‘ॲनेमॉस’ म्हणजे वारा. आणि आपल्याकडे संस्कृतात ‘अन्’ हा धातू आहे, त्याचा अर्थ श्वास घेणे. प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाचही शब्दांच्या पोटात तोच ‘अन्’ आहे. वाऱ्याला ‘अनिल’ म्हणतात, तोही त्याच घरचा. म्हणजे ‘ॲनिमेशन’ आणि ‘प्राण’ हे दूरचे नातेवाईक आहेत. एक बहीण युरोपात वाढली, एक इथे. आणि आज ती युरोपातली बहीण संगणकात बसून परत आली, तर आपण तिला ओळखलंच नाही. आपण तिला ‘हालचाल’ म्हणून हाक मारतोय.

मराठी बोलीला हे नातं माहीत आहे, बरं का. कानात वारं शिरलेलं वासरू उधळतं, असं आपण म्हणतो. अंगात येतं त्यालाही ‘वारं आलं’ म्हणतात. वारं म्हणजे नुसती हवा नव्हे. कुणालातरी ताब्यात घेणारं, उठवणारं काहीतरी. आणि ‘जीव’ या शब्दाचा पसारा तर विचारू नका. जीव लागतो, जीव जडतो, जीव टांगणीला लागतो, जिवात जीव येतो. विहिरीला जिवंत झरा असतो. एखादा गायक सुरात गातो, तरी आपण म्हणतो, ‘सगळं ठीक आहे, पण गाण्यात जीव नाही.’ यातल्या किती वाक्प्रचारांत हालचाल आहे? जवळजवळ नाहीच. मराठी माणूस जिवंतपणा ओळखतो तो हलण्यावरून नाही. मग कशावरून ओळखतो?

याचं उत्तर शोधायला आपल्याला लांब जायला नको. शेजारचं पेण आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती निघते, वाळते, रंगते, आणि शेवटी डोळ्यांची आखणी होते. आखणी करणारा हात वेगळा असतो, त्याला मानही वेगळा असतो. आखणी होईपर्यंत ती माती असते. दोन बारीक रेषा आणि एक ठिपका, आणि मूर्ती तुमच्याकडे बघायला लागते. काहीही हललेलं नाही. तरी कारखान्यात आलेलं गिऱ्हाईक म्हणतं, ‘ही मूर्ती बोलते.’

पुढे ती मूर्ती घरी येते. प्राणप्रतिष्ठा होते. आता इथे गंमत बघा. प्राणप्रतिष्ठा झाल्यावर मूर्ती जागची हलवायची नाही, हा आपला नियम आहे. दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस, जितके असतील तितके, ती तिथेच. आणि उत्तरपूजा झाली, अक्षता टाकल्या, की मग घरातला मोठा माणूस मूर्तीला हात लावून ती जागेवरून किंचित सरकवतो. ती सरकली म्हणजे प्राण गेला. आता विसर्जनाला न्यायला हरकत नाही. म्हणजे आपल्या घराघरांत दरवर्षी एक विधी होतो, ज्यात स्थिर असणं हे जिवंतपणाचं लक्षण आहे आणि हलवलं जाणं हे जीव गेल्याचं. आपण ‘ॲनिमेशन’ म्हणतो त्याच्या हे बरोबर उलट आहे.

आणि त्याच गणपतीत, मंडळाच्या मांडवात, हलता देखावा असतो. मोटर लावलेला राक्षस हात वरखाली करतो. देवीची मान डावीकडून उजवीकडे फिरते. दर पाच मिनिटांनी निवेदन पुन्हा सुरू होतं. लोक बघतात, पोरं खूश होतात. पण हात जोडतात कुणाला? मागे शांत बसलेल्या त्या न हलणाऱ्या मूर्तीला. हलतो तो देखावा, बसतो तो देव. हा फरक आपल्याला कुणी शिकवलेला नाही, आपण तो जगतो. इकडे खालापूर तालुक्यात २०१३ साली इमॅजिका सुरू झालं. तिथेही एक प्रकार असा आहे की पडदा हलतो, खुर्ची हलते, वारा तोंडावर येतो, आणि माणूस मात्र पट्टा बांधून बसलेला असतो. मजा येते, मी काही तिला नावं ठेवत नाही. पण ती यंत्राने आपल्याला हलवण्याची मजा आहे. पट्टा सुटला की ती तिथेच राहते.

तुम्ही म्हणाल, ‘अहो, पण सिनेमा म्हणजे हालचालच ना?’ बरोबर. म्हणून आता थोडं सिनेमाकडे वळू.

पडद्यावरचं चित्र मुळात हलत नाही. चित्रपटात सेकंदाला चोवीस स्थिर चित्रं पडतात. हलतं ते आपल्या आत. कर्जत स्टेशनावर हे रोज अनुभवायला मिळतं. तुम्ही गाडीत बसलेले असता, शेजारच्या फलाटावरची गाडी सुटते, आणि क्षणभर वाटतं आपलीच गाडी निघाली. हालचाल डोळ्यांसमोर एका गाडीची होती, ती आपण दुसऱ्या गाडीला बहाल केली. ॲनिमेशनची सगळी जादू या बहाल करण्यात आहे. चित्रकार अर्धं काम करतो, अर्धं बघणारा करतो. कॅनडातले थोर ॲनिमेटर नॉर्मन मॅकलॅरन याच अंगाने बोलायचे. एका चित्रात काय आहे यापेक्षा दोन चित्रांच्या मधल्या फटीत काय घडतं, याला ते जास्त महत्त्व द्यायचे. ती फट आपण भरतो.

ही फट भरायला आपल्या मुलखातली माणसं फार लवकर शिकली. इथून तासाभरावर कल्याण. तिथे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, त्यामागे दिवा, समोर पडदा, सोबत निवेदन आणि संगीत. काचा बदलायच्या, सरकवायच्या, आणि पौराणिक पात्रं पडद्यावर हालचाल करताना दिसायची. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा मुंबईतला पहिला खेळ १८९६चा. म्हणजे कल्याणचा हा उद्योग त्याच्याही आधीचा.

मग दादासाहेब फाळके. आपल्या घाटाच्या वर लोणावळ्याला त्यांनी रविवर्मा प्रेससाठी छपाईचं काम केलं होतं, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. फाळक्यांची दोन छोटी कामं आजच्या विषयासाठी शेजारी शेजारी ठेवण्यासारखी आहेत. एक, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीचं : कुंडीत वाटाणा पेरला, आणि तो उगवताना, वाढताना थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपत गेले. पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वर येतं. भांडवल मिळवायला ही चित्रफीत त्यांच्या कामी आली. दुसरं, १९१५ची ‘आगकाड्यांची मौज’ : काड्यापेटीतल्या काड्या एकेक करून सरकवायच्या, दरवेळी एक चित्र घ्यायचं, आणि पडद्यावर काड्या आपल्या आपण फिरतात, आकार करतात.

तंत्र जवळजवळ सारखंच आहे. पण या दोन कामांत मोठा फरक आहे. काड्या निर्जीव. त्यांना हलवणारा हात फाळक्यांचा. तिथे जीव घातला गेला. वाटाण्याला कुणी हलवलं नाही. तो आपला आपणच वाढत होता. आपल्याला ते दिसत नव्हतं, कारण आपल्याला तेवढा धीर नाही. फाळक्यांनी फक्त वेळ आवळून दाखवला. तिथे जीव घातला नाही, असलेला जीव दिसता केला.

मंडळी, माझं आजचं सगळं म्हणणं या दोन कुंड्यांमध्ये आहे असं समजा. ‘ॲनिमेशन’चे दोन अर्थ : जीव घालणं आणि जीव दिसता करणं. दोन्ही चांगले, दोन्हींतून मोठी कला झाली. ‘एक अनेक और एकता’ आठवा. विजया मुळे यांनी १९७४ साली दिग्दर्शित केलेला तो छोटा चित्रपट. साधी रेखाटनं, मोजकी हालचाल. पण जाळ्यासकट पक्षी उडतात, तेव्हा त्या उडण्याला वजन आहे. जाळं जड आहे हे पंखांना कळलंय असं वाटतं. म्हणून पन्नास वर्षांनी लोक ते उडणं विसरलेले नाहीत. तिसरा एक प्रकार मात्र यात शिरलाय, आणि आज सगळीकडे तोच दिसतो : जीव असल्याचा नुसता भास. त्याबद्दल आता बोलतो, कारण इथे प्रश्न कलेपुरता राहत नाही.

घरातल्या भिंतीवर आजोबांचा फोटो असतो. गेलेले आजोबा. काही वर्षांपूर्वी अशी ॲप आली, की फोटो त्यात घालायचा आणि आजोबा मान वळवतात, पापण्या मिटतात, हसतात. पुण्यतिथीला घराच्या ग्रुपवर तो तुकडा फिरतो. खाली लिहिलेलं असतं, ‘आजोबा जिवंत झाले.’ डोळ्यांत पाणी येतं, ते खरं असतं, त्याची मी थट्टा करणार नाही. पण यातल्या पहिल्या गाजलेल्या ॲपचं तंत्र समजून घ्या. दुसऱ्याच कुणा माणसाचं मान हलवण्याचं चित्रण आधी करून ठेवलेलं असतं. ती हालचाल तुमच्या आजोबांच्या चेहऱ्यावर बसवली जाते. म्हणजे चेहरा आजोबांचा, हसू भलत्याचं. हालचाल उसनी. आणि आपल्या आजोबांना ओळखणारी आजी एवढंच म्हणेल, ‘हे असे हसत नव्हते.’ ही जगातली सर्वांत उत्तम समीक्षा आहे. हालचाल आली, पण माणूस आला नाही.

यापुढे जे बोलणार आहे ते आपल्या तालुक्याच्या शेजारचं आहे, आणि जरा जपून बोलायला हवं.

१९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या पायाशी, खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची वाडी. वर जायला गाडीरस्ता नव्हता, पायवाट होती. त्यामुळे मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत, आणि पावसात माणसांनी हातानं चिखल उपसला. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा सत्तावीस मृतदेह मिळाले होते आणि सत्तावन्न माणसं बेपत्ता होती. आपल्यापैकी काही जण तेव्हा खाली चौकपर्यंत गेले असतील. मी तुम्हाला त्या रात्रीबद्दल काही सांगावं, असं नाही.

मला एकच मुद्दा मांडायचा आहे. दरड कोसळताना कॅमेरा नसतो. रात्र, पाऊस, अंधार. जे कुणी टिपलेलं नाही ते दाखवायचं असेल तर एकच मार्ग उरतो : ॲनिमेशन. म्हणून आता कुठेही दरड कोसळली, घाटात बस दरीत गेली, की टीव्हीवर आणि मोबाइलवर ते तुकडे येतात. कसे असतात ते? एक तपकिरी डोंगर. त्यावर निळ्या रेघा, म्हणजे पाऊस. डोंगराचा एक पदर सुटतो, खाली येतो. खाली खोकी, म्हणजे घरं. खोकी दिसेनाशी होतात. मग क्षणभर काळं, आणि डोंगर पुन्हा जागेवर. पुन्हा पाऊस, पुन्हा पदर सुटतो. बातमी देणारा बोलत असतो तोवर हे चालू राहतं. दहा वेळा, वीस वेळा.

त्यात माणूस नसतो. एकही नसतो. आणि त्याहून वाईट, डोंगर पुन्हा जागेवर जातो. ज्यांच्यावर तो कोसळला त्यांच्या बाबतीत तो कधीही पुन्हा जागेवर गेला नाही. ज्याला ‘जीव देणं’ म्हणतात त्या शब्दाखाली आपण मरणाचं गोल गोल फिरणारं खेळणं करून ठेवलंय. अपमान करावा असा कुणाचा हेतू नसतो, हे मला मान्य आहे. डोंगर कसा सुटतो हे समजावण्याची गरजही खरी आहे. मातीत पाणी मुरलं, खालचा खडक निसरडा झाला, वरचा थर सरकला, हे चित्राशिवाय कळत नाही. मग त्या तुकड्याला कारण समजावू द्या. एकदाच. संथपणे. पण आज जे चालतं त्यात कारणही धड कळत नाही. फक्त हलत राहतं. मघाची कसोटी लावा : काढून टाकलं तर काय जातं? काही नाही.

याला दुसरा रस्ता आहे का? शंभर वर्षांपूर्वीचं एक उदाहरण आहे. १९१५ साली ‘ल्युसिटानिया’ हे प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं, जवळजवळ बाराशे माणसं गेली. बुडताना कुणी चित्रण केलेलं नव्हतं. अमेरिकेत विन्सर मॅके नावाचा व्यंगचित्रकार होता. त्याने हजारो चित्रं काढून १९१८ साली त्या बुडण्याचा चित्रपट केला. जहाज कलतं, त्याच्या कडेवरून माणसं ठिपक्यांसारखी पाण्यात पडतात. धूर इतक्या सावकाश पसरतो की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. शेवटी एक आई बाळाला पाण्यावर धरण्याचा प्रयत्न करत खाली जाते. डोंगराचा पदर आणि खोकी यांच्यापेक्षा हे किती वेगळं आहे बघा. मॅकेला कळलं होतं की हालचाल मंद केली की वजन येतं, आणि वजन आलं की जीव येतो.

पण मॅकेचीही समीक्षा करायला हवी. तो चित्रपट युद्धाची आग पेटवायला केलेला होता, हे एक. आणि दुसरं, त्यात मधे बुडालेल्या चार माणसांचे फोटो येतात. चौघेही नावाजलेले. बाकीचे शेकडो, विशेषतः खालच्या वर्गाने प्रवास करणारे, ठिपकेच राहिले. चेहरा कुणाला मिळतो आणि ठिपका कुणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न ॲनिमेशनला पहिल्यापासून चिकटलेला आहे. इर्शाळवाडीच्या माणसांना तर ठिपकाही मिळत नाही. खोकी मिळतात.

मग कुणी इर्शाळवाडीवर चित्रपट करायला घेतला, आणि आपल्या भागातली ॲनिमेशन शिकलेली पोरंपोरी कधीतरी तो करतील अशी मला आशा आहे, तर त्यांनी काय करावं? मी कलावंत नाही, समीक्षक आहे; पण एवढं म्हणेन. फाळक्यांच्या वाटाण्याकडे बघा. दरड हलवू नका. वाडी दिसती करा. जुलै म्हणजे आवणीचे दिवस. दिवसभर चिखलात वाकलेली पाठ संध्याकाळी कशी सरळ होते, ओलं लाकूड चुलीत कसं धुमसतं, पायवाटेवर पुढचं पाऊल टाकण्याआधी म्हातारी काठी कशी टेकते. हे वाचलेल्या माणसांकडून ऐकून, त्यांच्या परवानगीने, त्यांना दाखवून, पुन्हा दुरुस्त करून करावं लागेल. कारण इथेही आजी बसलेली आहे, जी म्हणेल, ‘हे असं नव्हतं.’ तिचं ऐकावं लागेल. आणि शेवटी दरड दाखवायची की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावं.

आता शेवटचा एक वापर, जो शहरात फारसा ऐकू येत नाही पण आपल्या वाड्यापाड्यांत येतो. स्वयंसेवी संस्थांच्या जगात ‘ॲनिमेटर’ नावाचं एक पद असतं. वाडीवर जाणारा, बैठका घेणारा, बचतगट उभा करणारा कार्यकर्ता. प्रकल्पाच्या अहवालात लिहिलेलं असतं, अमुक वाड्यांसाठी इतके ॲनिमेटर. यातले कितीतरी जण जीव ओतून काम करतात, आणि पगार मात्र बेताचा. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण शब्द काय सांगतो? ॲनिमेटर म्हणजे जीव घालणारा. मग त्याच्याआधी वाडी काय होती? काड्यापेटीतली काडी? कुणीतरी सरकवेल तेव्हा सरकणारी?

याला मराठीत फार चांगला शब्द आहे आणि आपण तो विसरत चाललोय. ‘चेतवणे’. आपण ‘सचेतन’ म्हणतो त्याच्या मुळाशी ‘चित्’ आहे, आणि ‘चेतवणे’ त्याच घरातलं. चूल चेतवतात. ज्यानं कधी चूल चेतवली असेल त्याला माहीत आहे, आग बाहेरून आणून ओतता येत नाही. ठिणगी तुमची, पण जळतं ते लाकूड. लाकडात धरायची ताकद नसेल तर फुंकून फुंकून डोळे लाल होतील, बाकी काही नाही. चेतवणारा माणूस समोरच्यात आग आहे हे आधी मान्य करतो. या तालुक्याला हे शिकवायची गरज नाही. माथेरानच्या भाई कोतवालांनी इथल्या शेतकरी-आदिवासींसाठी धान्यकोठारं काढली, आणि १९४२ साली हीच माणसं त्यांच्या आझाद दस्त्यामागे उभी राहिली. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवालांनी लोकांत जीव घातला असं म्हणाल, तर लोकांवर अन्याय होईल. त्यांनी चेतवलं. जीव होताच.

तर मी ‘ॲनिमेशन’ हा शब्द टाकून द्या असं म्हणत नाही. ‘सचेतनीकरण’ वगैरे पारिभाषिक शब्द लादा असंही म्हणत नाही. तो शब्द लग्नाच्या पत्रिकेला लावून बघा, पत्रिका परत येईल. शब्द राहू दे. फक्त तो वापरताना आत ‘प्राण’ आहे, याची आठवण ठेवा. एखादी गोष्ट हलताना दिसली की विचारा, ही हालचाल तिची स्वतःची आहे की उसनी? तिला वजन आहे का? आणि ती थांबली, की मागे कुणी उरतं का?

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, ‘मग मुलांची कार्टून बघणं वाईट म्हणायचं का? ती तर नुसती धावपळच असते.’

नाही, अजिबात नाही. चांगलं कार्टून बघा. मांजर उंदरामागे धावतं, धावता धावता कड्याच्या पुढे जातं, हवेत पळतच राहतं. पडत नाही. मग ते थांबतं. खाली बघतं. आपल्याकडे बघतं. आणि मग पडतं. मुलं हसतात ती त्या थांबण्याला. कारण त्या क्षणी मांजराला कळलेलं असतं. ज्याला काही कळतं, तो जिवंत. ज्या चित्रकाराने ते बघणं रंगवलं तो पेणच्या आखणी करणाऱ्याचा भाऊच आहे. तेव्हा मुलांना कार्टून जरूर दाखवा, आणि शेजारी बसून एवढंच विचारा : आत्ता त्याच्या मनात काय आलं? मुलाला उत्तर देता आलं तर ते ॲनिमेशन. नाही आलं तर फोनच्या दुकानातला तो पोरगा करतो तसं करा. बंद करून टाका. काही बिघडत नाही.